पाना उचलण्याआधी आकडे दिसू द्या

गाडीचं इंजिन आणि इंधनाची व्यवस्था घरच्या घरी उघडावी की नाही, हा विषय निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एका बाजूचे म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, आपण हात लावला की काम वाढणार. गाडी कंपनीच्या माणसाकडे सोपवा आणि मोकळे व्हा. दुसऱ्या बाजूचे बाह्या सरसावूनच बसलेले असतात. गाडी माझी, पैसे माझे, मग नटाला पाना लावायला परवानगी कोणाची घ्यायची? माझी ऊठबस अर्थातच या दुसऱ्या मंडळींत जास्त. तरीही मला दोघांचंही बोलणं अर्धवट वाटतं, कारण दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतात. गाडीला काय झालंय हे कळणं ही एक गोष्ट. ते नीट करायला भाग खोलणं ही दुसरी. पहिलीवर मालकाचा हक्क पूर्ण असला पाहिजे, त्यात अट नको. दुसरीला मर्यादा असाव्यात, पण त्या दाब, वाफ आणि धूर बघून ठरवाव्यात. कंपनीच्या धंद्याची सोय बघून ठरवलेल्या मर्यादांना माझा विरोध आहे.

सध्या चाललंय उलटंच. माहितीला कुलूप आहे आणि जिवावर बेतणारा नट उघड्यावर आहे. कॉमन रेल म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरांना पुरवठा करणारी, प्रचंड दाबाखालची सामाईक नळी. तिच्या इंजेक्टर पाइपचा नट सोडायला साधा १४ किंवा १७ नंबरचा पाना पुरतो, आणि तो कोणाच्याही डिकीत सापडतो. तो नट सोडण्याआधी काय बघायचं, किती वेळ थांबायचं, सोडल्यावर तो पाइप पुन्हा वापरायचा की फेकायचा, हे ज्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ती मात्र बहुतेक वेळा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.

हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली तेव्हा जो ती चालवणार तो ती दुरुस्तही करणार, हे गृहीतच होतं. पुढची कित्येक दशकं कार्ब्युरेटरची. कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं, डोळ्यांना दिसणारं आणि कानांना कळणारं यंत्र. फ्लोटची पातळी चुकलेली, जेटमध्ये कचरा बसलेला, चोक अडकलेला. आयडलिंगचा स्क्रू पाव आटा इकडेतिकडे फिरवला की जमलं की बिघडलं ते इंजिनाचा आवाजच सांगायचा. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट जमवायला फीलर गेजची एक पाती पुरायची. डिझेल ट्रकवाल्यांची तर एक पेटंट युक्ती होती. इंजिन मिसिंग करतंय आणि कुठला सिलिंडर मेलाय ते कळत नाही, तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी सापडला. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर सिस्टीमने एअर धरली तर तीही अशीच काढायची. एकाने सेल मारत राहायचं, दुसऱ्याने नटातून बुडबुडे यायचे थांबले की आवळायचं.

त्या जुन्या पंपांत नोझल साधारण १५० ते २५० बारला उघडायचा, तोही क्षणभर, आपली पाळी आली की. धोका तेव्हाही होता, पण बहुतेक जण निभावून गेले आणि युक्ती पिढीजात झाली. मग १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल डिझेल प्रवासी मोटारीत आलं. रेलमध्ये १३५० बारपर्यंत दाब. आज तोच आकडा २००० ते २५०० बारवर गेलाय. मोटारीच्या चाकात सव्वादोन-अडीच बार हवा असते, यावरून काय तो अंदाज करावा. शिवाय हा दाब पाळीपाळीने येत नाही. इंजिन चालू आहे तोवर रेल अखंड भरलेली असते. म्हणजे जुनी युक्ती शिकलेला, हातात खरंखुरं कसब असलेला माणूसच आज सर्वांत जास्त धोक्यात आहे. नवशिका निदान घाबरून लांब तरी राहतो.

हा दाब करतो काय, ते सोप्या भाषेत सांगायलाच हवं. बारीकशा चिरेतून निघालेली डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही, फार तर धुक्यासारखी वाटते. बोट मध्ये आलं की ती कातडीतून सरळ आत शिरते. कातडी भेदायला ७ बारच्या आसपासचा दाबही पुरतो, इथे तर त्याच्या दोनशे-तीनशे पट असतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस चिंधीला हात पुसतो आणि काम पुढे चालू ठेवतो. आत मात्र डिझेल स्नायूंच्या आणि कंडरांच्या आवरणांतून वर सरकत असतं. काही तासांत बोट टरारून सुजतं, रक्त पोहोचेनासं होतं. यावर गोळी नाही, मलम नाही. तातडीने शस्त्रक्रिया करून ते सगळं धुऊन काढावं लागतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो. म्हणून टोचल्यासारखं वाटलं, तर दुखत नसलं तरी तडक रुग्णालय गाठायचं आणि 'दाबाखालचं डिझेल कातडीत गेलंय' हे तिथे स्पष्ट शब्दांत सांगायचं. नाहीतर किरकोळ जखम समजून पट्टी बांधून घरी पाठवतात. गळती शोधताना पाइपावरून हात फिरवायचा नाही, लांबूनच जाड पुठ्ठा धरायचा, हा नियमही याच कारणाने आहे.

आता कंपन्यांचा युक्तिवाद असा, की एवढं धोक्याचं आहे म्हणूनच आम्ही माहिती आमच्या माणसांपुरती ठेवतो. ऐकायला जबाबदारीचं वाटतं. पण माहिती झाकली म्हणून माणसं बोनेट उघडायची थांबतात का? गाडी रस्त्यात बंद पडते, ट्रकमध्ये माल असतो, आणि ज्याला जे येतं ते तो करतोच. फरक एवढाच पडतो, की तो अंदाजाने करतो. उलट, रेलमधला दाब किती आहे हा आकडा बऱ्याच गाड्यांत साध्या स्कॅनरवरही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायच्या उपकरणावरही, दिसतो. इंजिन बंद केल्यावर तो उतरताना डोळ्यांनी बघता येतो. तो आकडा तिथे का आहे? कंपन्यांनी दयाबुद्धीने दिला म्हणून नव्हे. प्रदूषणाच्या कायद्याने निदानाची सामाईक भाषा ठरवून दिली म्हणून. जेवढी माहिती कायद्याने उघडली, तेवढ्या माहितीने घरच्या दुरुस्तीतला धोका कमीच झालाय.

ती सामाईक भाषा म्हणजे ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या मोटारींना आणि हलक्या ट्रकांना ती सक्तीची झाली. युरोपात २००१ पासून पेट्रोलच्या गाड्यांना, पुढे डिझेलला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट, सगळ्या कंपन्यांचं सारखं. अवजड ट्रकांचं सॉकेट वेगळं, गोल, ९ पिनांचं, पण कल्पना तीच. या सॉकेटमुळे एक मजेशीर गोष्ट घडली, जी 'आता सगळं कॉम्प्युटरवर आहे' म्हणून उसासे टाकणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. निदान पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

पी०१७१ हा कोड घ्या. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की हा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कोड वाचला आणि धुरातला ऑक्सिजन मोजून ही खबर देणारा ऑक्सिजन सेन्सरच बदलला, असे वीर पुष्कळ. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो, आणि बळी त्याचाच जातो. कोड बाजूला ठेवा आणि त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा आकडा बघा. मिश्रण पातळ होतंय म्हणून कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के जादा पेट्रोल देतोय, ते तो आकडा सांगतो. समजा आयडलिंगला तो अधिक २० आहे आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरलं की अधिक ४ वर येतो. म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं खराब झालेलं पॅकिंग. आयडलिंगला इंजिन हवाच थोडी ओढतं, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो. थ्रॉटल उघडला की एकूण हवा वाढते आणि तीच चोरी किरकोळ ठरते. आता उलटं धरा. आयडलिंगला आकडा ठीक आहे, पण चढावर, लोड आला की तो वाढत जातो. मग संशय पेट्रोल पंपावर, तुंबलेल्या फिल्टरवर किंवा घाण बसलेल्या एअर फ्लो सेन्सरवर. हे सगळं एकही नट न सोडता कळतं. ज्याला कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून ट्युनिंग करता यायचं त्याचा कान दहा वर्षांत तयार व्हायचा. हे आकडे वाचायला महिन्याभरात शिकता येतं. म्हणून 'आता आपल्याला काय कळणार' हे वाक्य मला आळसाचं वाटतं, आणि त्या आळसावर कोणाचा तरी धंदा चालतो.

डिझेलचंही उदाहरण देतो, कारण मर्यादा कुठे आखावी ते त्यात नेमकं दिसतं. गरम इंजिन बंद केलं की पुन्हा लवकर चालू होत नाही, सेल मारत बसावं लागतं. संशय इंजेक्टरांवर. आता चारही इंजेक्टर बदला असा सल्ला मिळतो, आणि तो स्वस्त नसतो. पण प्रत्येक इंजेक्टरला एक बारीक रिटर्न पाइप असतो, जादा डिझेल टाकीकडे परत नेणारा. तो काढून चार सारख्या बाटल्यांना चार नळ्या जोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. तीन बाटल्यांत तळाशी थोडं थोडं डिझेल आणि चौथी अर्धी भरली, तर चौथा इंजेक्टर आतून गळतोय. रेलचा दाब तोच पळवतोय. बहुतेक सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या, इंजेक्टरांत रिटर्नच्या बाजूला दाब नगण्य असतो, म्हणून ही चाचणी घरी जमण्यासारखी आहे. काही पिझो, म्हणजे विजेने प्रसरण पावणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या, इंजेक्टरांत मात्र रिटर्नलाही ठरावीक दाब राखलेला असतो आणि तिथे असं करून चालत नाही. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे, हे पुस्तिकेशिवाय कसं कळणार? निदान झालं की माझ्या मते घरच्या माणसाने थांबावं. तो इंजेक्टर काढणं, कॅलिब्रेशनच्या बेंचवर तपासणं, पुन्हा बसवणं, हे ज्याच्याकडे त्याची साधनं आणि स्वच्छ जागा आहे त्याचं काम. इंजेक्टरमधल्या सुईची फट काही मायक्रॉनची असते, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. चिंधीचा एक धागा आत गेला की नवा इंजेक्टर जुना झाला. पण चारांऐवजी एकच बदलायचा आहे, हे आता मालकाला ठाऊक आहे, आणि त्याला कोणी फसवू शकत नाही.

घरच्या माणसाने कुठपर्यंत जावं, याचं माझं उत्तर म्हणूनच दाबावर अवलंबून आहे. डिझेलमध्ये टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतचा भाग त्याचा: फिल्टर, पाणी साठणारा कप, हँड प्राइमर, होज, क्लॅम्प. त्यापुढचं नाही. पेट्रोलमध्ये जुन्या पद्धतीचं, म्हणजे इनटेकमध्ये फवारणारं इंजेक्शन असेल तर लाइनचा दाब तीन-चार बार असतो. तिथे धोका दाबाचा कमी, आगीचा जास्त. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत दाब २०० बारवर जातो, नव्यांत ३५० पर्यंत. तिथे डिझेलचाच नियम लावावा.

पेट्रोलच्या बाबतीत लोक फार निर्धास्त असतात, म्हणून थोडं थांबतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. हवेपेक्षा ती जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात किंवा तळघरात साचून राहते. पाच पावलांवरचा हीटर किंवा फुटलेला गरम बल्ब तिला पुरतो. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं म्हणजे लाइनमधला दाब उतरतो, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, आणि काम उघड्यावर करायचं. रिकामी टाकी निर्धोक, हा समज तर मुळापासून काढून टाकावा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा असं स्फोटक मिश्रण तयार असतं. टाकीला वेल्डिंग घरी करायचं नाही, विषय संपला.

होजच्या बाबतीत दुकानदारही गोंधळ घालतात. काळा रबरी पाइप दिसायला सगळा सारखाच. पण कार्ब्युरेटरच्या काळचा एसएई ३०आर७ प्रकारचा (एसएई ही वाहनांच्या भागांची मानकं ठरवणारी संस्था) होज कमी दाबासाठी असतो. इंजेक्शनच्या लाइनला ३०आर९ लागतो, आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहायचा तुकडा असेल तर ३०आर१०. बाहेरून टिकणारा होज आत बुडवला की काही दिवसांत फुगून भुसभुशीत होतो. हे अक्षर-आकडे पाइपावरच छापलेले असतात. वाचायचे कोणी, हा प्रश्न.

इथे माझ्याच फळीतल्या लोकांना चार शब्द सुनावतो. घरी दुरुस्ती करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं व्यसन म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत सुटणं. सेन्सर, मग कॉइल, मग पंप. दिवा जातच नाही, आणि खर्च गॅरेजच्या बिलापेक्षा पुढे गेलेला. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर 'बरं दिसतंय' म्हणून जुनंच घालणं, टॉर्क पान्याऐवजी मनगटाच्या अंदाजाने आवळणं, प्लगचे आटे घालवणं, हे सगळं आपल्यात सर्रास चालतं. आणि 'माझी गाडी, माझा धोका' हे म्हणणं रस्त्यावर टिकत नाही. इंधनाची लाइन सुटून पेटलेली गाडी फक्त आपल्या मालकाला जाळत नाही. पन्नास माणसांना किंवा वीस टन मालाला ओढणाऱ्या वाहनाच्या बाबतीत तर हक्काच्या आधी नोंदवही आली पाहिजे: काय काढलं, काय बसवलं, कोणी तपासलं.

सगळ्यात गैर काम आहे ते धुराचं. धुरातली काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर कापून काढायचा, थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर बंद करायचा, नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी युरियाची व्यवस्था सॉफ्टवेअरने झोपवायची, आणि याला 'दुरुस्ती' म्हणायचं. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, २०२० साली केलेल्या हिशेबात आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण यंत्रणा अशी काढून टाकलेली आढळली, आणि त्या गाड्यांच्या उरलेल्या आयुष्यात त्यातून ५ लाख ७० हजार टनांवर जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल असा अंदाज होता. ज्यांच्या फुफ्फुसांत हे जातं त्यांना कोणी विचारलेलं नसतं. अशा किटा विकणाऱ्यांना दंड झाला तर मला जराही वाईट वाटत नाही.

पण याच मुद्द्यावर कंपन्यांचं आणि सरकारांचं म्हणणंही तपासून घ्यावं. अमेरिकेत गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं कॉपीराइटच्या कायद्यात अडकतं. जुलै २०१५ मध्ये ईपीएने तिथल्या कॉपीराइट कार्यालयाला कळवलं, की गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायची मुभा मालकांना देऊ नये, कारण लोक त्यात फेरफार करून प्रदूषण वाढवतील. दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ ला, त्याच ईपीएने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती प्रदूषण यंत्रणा नीट चालवायची आणि एरवी सोडून द्यायची, असं सॉफ्टवेअर कंपनीनेच गाड्यांत घातलं होतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. कुलूप होतं, आणि कुलपाच्या आत चोर बसलेला होता. तो पकडला गेला तो रस्त्यावर चालत्या गाडीच्या धुराचं मोजमाप करणाऱ्या विद्यापीठातल्या संशोधकांमुळे. त्यांनी बाहेरून, स्वतःची उपकरणं लावून मोजलं म्हणून.

त्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने मालकाला दुरुस्तीसाठी कुलूप तोडायची सूट दिली खरी, पण मालकाने ते स्वतःच तोडायचं. मेकॅनिकला सांगून नाही. ती अट सैल व्हायला २०१८ उजाडलं. कुलूप तोडायचं हत्यार विकायला मनाई मात्र राहिलीच. पोहायची परवानगी, पण पाण्यात उतरायचं नाही.

माझं म्हणणं असं, की वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क वेगळा करावा. गाडीच्या कॉम्प्युटरमधलं निदानाचं सगळं वाचन उघडं असावं: कोड, चालू आकडे, प्रत्येक इंजेक्टरच्या इंधनात कॉम्प्युटर करत असलेली कमीजास्त, फिल्टरमध्ये साठलेल्या काजळीचा हिशेब. दुरुस्तीसाठी लागणाऱ्या ठरावीक आज्ञाही उघड्या असाव्यात: पंप चालवून बघणं, काजळी जाळायची प्रक्रिया सुरू करणं, नव्या इंजेक्टरचा कोड भरणं. इंधन आणि धुराचं मूळ गणित बदलणं मात्र बंदच राहू द्या, आणि बदललं की त्याची खूण मागे राहू द्या. यात कोणाची अडचण व्हावी असं मला दिसत नाही. उलट फिल्टर कापणाऱ्यांतले काही जण यामुळे वाचतील असं मला वाटतं. फिल्टर वारंवार तुंबतो तेव्हा बहुधा दोष मागे असतो: गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, टर्बोतून जाणारं ऑइल, नाहीतर नुसत्याच जवळच्या फेऱ्या, ज्यात धूर काजळी जळण्याइतका, म्हणजे साधारण ६०० अंशांपर्यंत तापतच नाही. मालकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त दिवा, आणि पॉवर कमी झालेली गाडी. काजळी जाळायची आज्ञा द्यायला कंपनीचाच स्कॅनर हवा, तो शंभर मैलांवर. मग कोणीतरी म्हणतं, 'कापूनच टाक ना.'

इंजेक्टरच्या कोडाचंही असंच. प्रत्येक नव्या इंजेक्टरवर अक्षरं आणि आकडे छापलेले असतात, त्याच्या फवाऱ्यातला बारीकसा फरक सांगणारे. ते कॉम्प्युटरमध्ये भरले नाहीत तर काम चोख होऊनही इंजिन खडखडतं, धूर टाकतं. म्हणजे चांगल्या कारागिराने नीट बसवलेला, अस्सल पार्ट केवळ काही अक्षरं भरायची सोय नाही म्हणून प्रदूषण करतो. पर्यावरणाच्या नावाने लावलेलं कुलूप इथे पर्यावरणाच्याच विरोधात काम करतं.

हॅकिंगची भीती दाखवली जाते, तिला थोडक्यात उत्तर आहे. २०१५ साली दोन संशोधकांनी चालती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ते शिरले होते कंपनीनेच बसवलेल्या मोबाइल जोडणीतून. मालकाच्या स्कॅनरचा त्यात काही संबंध नव्हता.

घरी ऑइल बदललं की वॉरंटी गेली, ही दुसरी हूल. निदान अमेरिकेत तरी १९७५ पासून कायदा सांगतो, की आमचाच पार्ट किंवा आमचीच सेवा घेतली तरच वॉरंटी, अशी अट घालता येत नाही. आपण केलेल्या कामामुळेच बिघाड झाला तर गोष्ट वेगळी, आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. या सगळ्या हक्कांचा खरा लाभ स्वतः हात काळे करणाऱ्यांना कमीच होतो. तो होतो कोपऱ्यावरच्या स्वतंत्र गॅरेजवाल्याला, आणि त्याच्यामार्फत बाकी सगळ्यांना. ज्याने आयुष्यात बोनेट उघडलेलं नाही अशा माणसालाही दुसरं मत घेता येतं, ते दुसऱ्या माणसाकडे तीच माहिती असली तरच. २०१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला तो याच बळावर, आणि २०१४ मध्ये मोटार कंपन्यांनी तोच नियम अमेरिकाभर पाळायचं मान्य केलं. युरोपने २००७ च्याच नियमावलीत स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना माहिती द्यायला लावली होती.

तरी भांडण मिटलं नाही, कारण तोवर गाडीने बोलायची जागा बदलली. आकडे आता सॉकेटमधून निघायच्या आधी हवेतून कंपनीकडे जातात. इंजेक्टर गळायला लागल्याचं मालकाच्या आधी कारखान्याला कळतं आणि मालकाला येतो तो फक्त 'सर्व्हिससाठी या' असा निरोप. २०२० मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्सने पुन्हा मतदान करून हे बिनतारी आकडेही मालकाला द्या म्हणून सांगितलं. जवळजवळ तीन चतुर्थांश मतं बाजूने पडली आणि कंपन्या कोर्टात गेल्या. माझी मागणी फार मोठी नाही. गाडी जे कंपनीला सांगते ते त्याच क्षणी मालकालाही सांगावं, यासाठी कायदा लागेल आणि तो व्हायला वेळ लागेल. पण हाय प्रेशरच्या प्रत्येक नटाला लाल रंग द्यावा आणि इंजिन बंद केल्यावर किती मिनिटं त्याला हात लावायचा नाही, ते बोनेटच्या आतल्या स्टिकरवर छापावं, एवढ्यासाठी कायद्याची वाट बघायचं कंपन्यांना काय कारण आहे?